एकतीस आवाज

सोमवारी तिसऱ्या तासाला गाणं पहिल्यांदाच बिनचूक झालं, आणि गाण्याच्या बाईंना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. दुसऱ्या कडव्यात सूर वर चढतो आणि आठ मोजेपर्यंत तिथेच धरून ठेवायचा असतो. दीड महिना गाडं नेमकं तिथे रुतत होतं. आज मुलांनी ती जागा अशी पार केली, जणू तिथे कधी खड्डा नव्हताच. पियानोवाल्या सरांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि म्हणाले, "जमलं की हो बाई! आता गुरुवारी कुणीही येऊ दे." मुलांनी स्वतःसाठीच टाळ्या वाजवल्या. बाईंचा हात अजून वरच होता. आज कुणीतरी आलेलं नाही, एवढंच त्यांना वाटत होतं. त्यांनी डोकी मोजली. बत्तीस. पुन्हा मोजली, तरी बत्तीसच. चाकाच्या खुर्चीतली मुलगी पियानोच्या अंगाला होती. मोठ्या आवाजाला बिचकणारा मुलगा कानांवर जाड झाकणं लावून दाराजवळ होता, म्हणजे नको झालं तर त्याला कुणाला न विचारता बाहेर पडता यावं. पहिल्या रांगेत डावीकडून तिसरी, सगळे जिला बटण म्हणत ती मुलगी होती. सगळे जागच्या जागी. "आणखी एकदा, पक्कं व्हायला," असं म्हणून बाईंनी सरांना पुन्हा वाजवायला लावलं, आणि या वेळी त्या ऐकत बसल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. बटणचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, शब्दाला शब्द जुळत होता. पण पोट हलत नव्हतं. वरच्या सुराला गळ्याची जी शीर एरवी दोरीसारखी ताणायची, तिचा पत्ता नव्हता. श्वास भरून घेतल्याशिवाय आठ मात्रा सूर ओढता येत नाही, हे बाईंनी तीस वर्षं मुलांच्या पोटावर हात ठेवून शिकवलं होतं. बटण गात नव्हती. नुसते ओठ हलवत होती.

बटण हे नाव मुलांनी ठेवलेलं. तिच्या कानामागे केसांत, चुंबकाने चिकटून बसलेली एक गोल चकती होती. तिच्यातून आवाज आत बसवलेल्या यंत्राला जायचा आणि मग तिला ऐकू यायचं. दोन वर्षांपूर्वी पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारलं होतं, "हे दाबलं की तू बंद पडतेस का गं?" ती म्हणाली होती, "दाबून बघ. तूच बंद पडशील." तेव्हापासून ती बटण, आणि ते नाव ती वहीवरही लिहायची. तिचा आवाज मोठा होता, मोकळा होता, आणि अर्धा सूर खाली होता. यंत्रातून तिला सूर जसा पोहोचायचा तसा ती लावायची; चूक म्हणावी तर तिची नव्हती, आणि बरोबर तर कुणी म्हणूच शकलं नसतं. वर्गात तो आवाज ताटाखालच्या खड्यासारखा होता. इतर मुलांना त्याचं काही नव्हतं. मुलांचं काय, ती कशावरही ताट ठेवून जेवतात. खडा बोचत होता तो बाईंना.

आणि बाई म्हणजे काही ऐरागैरा माणूस नव्हे. सगळ्यांना सामावून घेणारं समूहगान म्हणून त्यांच्या वर्गाचं नाव झालं होतं. उभं राहायच्या लाकडी पायऱ्या त्यांनीच काढायला लावल्या होत्या. खुर्चीतली मुलगी खाली राहणार असेल तर सगळेच खाली. कमी दिसणाऱ्यांसाठी बोटाएवढ्या अक्षरांत गाणी त्या स्वतः लिहीत. इतर शाळांतल्या शिक्षकांसमोर त्यांची भाषणं झाली होती, आणि भाषणात त्या एक वाक्य हमखास म्हणत, "आवाज नाही असं मूल मी अजून पाहिलेलं नाही." लोक ते वाक्य वहीत उतरवून घेत. गुरुवारी शिक्षण खात्याची माणसं येणार होती ती त्यासाठीच. हा वर्ग बघायला, आणि जमलं तर असेच वर्ग बाकीच्या शाळांत काढायला. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, दोनदा बोलावून सांगितलं होतं, "आपल्या शाळेची इज्जत तुमच्या हातात आहे हो."

तास संपला. मुलं गेली. बटणही गेली, दारात वळून नेहमीसारखा हात हलवून. बाई पियानोजवळच्या स्टुलावर बसल्या आणि त्यांचा हात आपोआप गळ्याकडे गेला. गळ्यात माइक होता. काडेपेटीएवढा, दोरीला अडकवलेला, कडेला हिरवा दिवा. बाई बोलत ते त्यातून थेट बटणच्या चकतीत जायचं. वर्गातल्या गोंगाटाची त्याला अडचण नव्हती. यंत्रवाल्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बाई, वर्गाबाहेर पडताना हा खटका दाबायचा. नाहीतर तुम्ही कुठेही असा, पोरीच्या कानातच असाल." सगळे हसले होते, बाईही. आणि आता त्यांना शुक्रवार आठवला. शुक्रवारी घरी गेल्यावर नवऱ्याने विचारलं होतं, "हे गळ्यात काय घालून आलीस?" खाली बघितलं तर शालीखाली माइक, दिवा लागलेला. दिवसभर. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला होता आणि भाजी चिरायला घेतली होती. त्याचा अर्थ काय ते तेव्हा डोक्यातच शिरलं नव्हतं. शिरलं ते आत्ता, तीन दिवसांनी, गाणं बिनचूक झाल्यावर.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत त्या जिन्याजवळ सरांशी बोलत उभ्या होत्या. शब्द त्यांना जसेच्या तसे आठवत होते. "तिचा आवाज मध्ये आला की एकतीस जणांच्या मेहनतीवर बोळा फिरतो. सांगून टाकू का, गळा जप आणि नुसते ओठ हलव म्हणून? कुणाला कळणार आहे!" सर काहीच बोलले नव्हते. सरांनी काही न बोलणं बाईंना आवडत नसे, म्हणून त्या आणखी पुढे गेल्या होत्या, हसत, "नाहीतर गुरुवारी येऊ दे एखादा बारीकसा ताप तिला. मी सुटले." मुलीच्या बाकापासून जिन्यापर्यंत पावलं किती? बाई उठल्या आणि चालून बघितलं. तेवीस. मध्ये एक भिंत. त्यांनी यंत्रवाल्याला फोन लावला आणि सहज विचारतेय अशा आवाजात विचारलं. तो म्हणाला, "तीसेक पावलं तर आरामात बाई. भिंतीचं काही नाही." त्याच्या आवाजात अभिमान होता.

तीसेक पावलं. घरात बाबांचं जेवणाचं टेबल ओट्यापासून तर दहा पावलांवरही नव्हतं. हे नको होतं आठवायला, पण आठवलं. हल्ली बाबांची आठवण कुठल्याही दारातून येई. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. कान गेल्यावरसुद्धा ते घड्याळ जबड्याच्या हाडाला लावून बसत आणि टिकटिक हाडातून ऐकत, आणि म्हणत, "चालतंय, पण मनापासून नाही." शेवटची दोन वर्षं ते बाईंकडे होते. कानातलं यंत्र त्यांना टोचायचं. कधी असायचं, कधी खिशात. त्या संध्याकाळी ते जेवणाच्या टेबलाशी पाठमोरे बसले होते, आणि बाई ओट्याशी नवऱ्याला म्हणाल्या होत्या, आवाज न दाबता, कारण कशाला दाबायचा, "बाबा सुटतील तर बरं. आणि आपणही." बाबांची पाठ हलली नाही. ते तसेच घड्याळाच्या मागच्या झाकणाशी खुडबुड करत राहिले. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आपली ताटली आपणच धुवायला सुरुवात केली. चहा मागणं बंद केलं. विचारलं की हसून मान हलवत, ऐकू न आल्यासारखी. असे आठ महिने. बाईंनी त्यांना विचारलं नाही. विचारायचं कसं? 'तुम्ही ऐकलंत का' असं विचारणं म्हणजे 'मी बोलले' असं सांगणं. आणि मग एका सकाळी विचारायला कुणी उरलं नाही.

मंगळवारी बाईंनी रांगा वेगवेगळ्या गाऊन घेतल्या. पहिल्या रांगेत आठ जण आणि सात आवाज. सातही सुरेल. बटणला एकटीला उभं करून गायला लावता आलं असतं, तोंडाशी शब्द आलेही, पण बाईंनी गिळले. ती गायली नसती तर? आणि गायली असती, तर सगळ्या वर्गासमोर? घरी त्या रात्रभर कुशी बदलत राहिल्या नाहीत. उलट मेल्यासारख्या झोपल्या आणि पहाटे दचकून उठल्या, कुणीतरी आपल्याला ऐकतंय अशा खात्रीने. नवरा घोरत होता. त्यांनी गळा चाचपला. गळ्यात काही नव्हतं. मग हळूहळू, नको असलेल्या पाहुण्यांसारखे, दोन वर्षांतले बाकीचे दिवस एकेक करून येऊन बसले. किती वेळा विसरलो आपण? शुक्रवारचं तर शालीमुळे कळलं. न कळलेले किती? संडासात, फोनवर, वाद्यांच्या कोठीत. कोठीत! बाबा गेल्यानंतरच्या दिवसांत त्या मधल्या सुट्टीत वाद्यांच्या कोठीत जाऊन आतून कडी लावत. तिथून ताईला फोन करत. दर वेळी तेच विचारत आणि ताई दर वेळी तेच उत्तर देई, "नसेल गं ऐकलं. तू उगाच मनाला लावून घेतेस." कोठी वर्गाला लागूनच होती. तिथे पावलं मोजायची गरज नव्हती.

बुधवारी तास संपल्यावर त्यांनी बटणला थांबवून घेतलं. सर निघून गेले, जाता जाता पियानोचं झाकण नेहमीपेक्षा हळू लावून. बाई खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या, तिला ओठ दिसतील अशा. माइकचा दिवा लागलेला होता आणि तो त्यांनी आज मुद्दाम लावलेला ठेवला होता.

"बटण, शुक्रवारी मधल्या सुट्टीत मी काही बोलत होते. तुला ऐकू आलं का गं?"

मुलीने त्यांच्याकडे नीट बघितलं. बारा वर्षांची पोर. दप्तराचा पट्टा दोन्ही हातांनी धरलेला. मग ती हसून म्हणाली, "नाही बाई. जिन्यापर्यंत माझं मशीन पोचतच नाही."

बाईंच्या छातीवरचं ओझं उतरलं. खरंच उतरलं, क्षणभर. पाठ खुर्चीला टेकली, तोंडात 'बरं जा मग' असे शब्दही आले. आणि मग त्यांना कळलं, की आपण जिन्याचं नाव काढलेलं नाही. मुलीलाही ते त्याच वेळी कळलं. तिने पट्टा सोडला आणि बोटाने पियानोच्या झाकणावर एक रेघ ओढली.

"मला नव्हतं सांगायचं," ती म्हणाली. "तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"मला?"

"मग कुणाला?"

 बाईंना माफी मागायची होती. तीन दिवस त्या माफीची वाक्यं जुळवत होत्या, आणि वाक्यं चांगली जुळली होती, भाषणात शोभतील अशी. त्यांतलं एकही आता तोंडातून बाहेर काढायच्या लायकीचं वाटेना. "चुकलं गं माझं," एवढंच त्या म्हणाल्या. मुलीने मान हलवली, दुकानदार सुटे पैसे मोजून घेताना हलवतो तशी, ठीक आहे, झालं.

"आणखी काय काय ऐकलंस?"

"पुष्कळ. तुम्ही खटका दाबायला विसरताच." तिचा चेहरा जरा खुलला. "मोठ्या बाईंची नक्कल करता ना सरांपुढे, ती एकदम भारी असते. आणि चाव्या सापडल्या नाहीत की स्वतःलाच शिव्या देता. ती एक शिवी मला माहीतच नव्हती. आईला विचारलं तर आई भडकली." बाईंना हसू आलं आणि त्याच्या मागोमाग भीती वाटली. मुलगी पुढे म्हणाली, "कोठीत जाऊन रडायला लागलात की मी चकती काढून ठेवायचे. ते आपण ऐकायचं नसतं."

बाहेर कुणीतरी बाकं सरकवत होतं.  या पोरीने त्यांच्यासाठी दार लोटून घेतलं होतं, दर वेळी, वर्गाच्या मध्यात बसून, सगळं जग बंद करून. आणि आपण तिच्यासाठी एक खटका दाबला नव्हता.

"फोनवर तुम्ही विचारायचात ना, बाबांनी ऐकलं असेल का म्हणून." मुलगी म्हणाली, "ऐकलं असणार."

"कशावरून म्हणतेस?"

"आम्हाला ऐकू येत नाही असं समजून लोक बोलतात तेव्हा आम्ही ऐकलं नाही असंच दाखवतो. नाहीतर त्यांना कसंतरी होतं. मग आपल्यालाच त्यांची समजूत काढत बसावं लागतं." हे ती इतक्या साधेपणाने म्हणाली की जणू गृहपाठ सांगत असावी. बाईंच्या डोळ्यांपुढे ती पाठ आली, घड्याळावर वाकलेली, न हललेली. न हलायला त्या माणसाला किती जोर लावावा लागला असेल! इतके दिवस बाई त्या स्थिर पाठीला 'ऐकलं नाही'चा पुरावा मानत आल्या होत्या. त्यांना रडू आलं नाही. रडायला या खोलीत त्यांना आता लाज वाटत होती.

"उद्या गा तू," त्या म्हणाल्या. "पूर्ण आवाजात."

"बिघडेल."

"बिघडू दे. मी सांगतेय ना!"

"पण तुम्ही तोंड करता."

"कसलं तोंड?"

मुलीने करून दाखवलं. एक डोळा बारीक, ओठांचा कोपरा खाली, कच्ची चिंच चावल्यासारखं. "मी गायला लागले की असं. दर वेळी. तुम्हाला माहीत नाही?" बाईंना माहीत नव्हतं. "मला सूर नाही कळत नीट, पण तोंड कळतं. तुमच्या तोंडावरूनच मला समजतं, खाली गेला म्हणून. आधी मी वर न्यायचा प्रयत्न करायचे, तर तुमचं तोंड आणखी वाकडं व्हायचं." ती खुदकन हसली. "शुक्रवारनंतर म्हटलं, जाऊ दे. असं बरं असतं. सगळ्यांमध्ये उभंही राहता येतं."

"नाही करणार मी तोंड," बाई म्हणाल्या.

"नक्की?"

"नक्की."

मुलीने विचार केला. घाई नव्हती तिला. मग म्हणाली, "मग गाईन."

घरी बाई न्हाणीघरातल्या आरशासमोर उभ्या राहिल्या आणि दुसऱ्या कडव्याचा तो सूर मुद्दाम अर्धा खाली लावला. आरशातल्या बाईचा डोळा बारीक झाला. ओठाचा कोपरा खाली गेला. त्यांनी पुन्हा लावला, चेहऱ्यावर पाणी मारून पुन्हा. गाल दोन बोटांनी धरून पुन्हा. बोटांखाली तो स्नायू उडायचाच. तीस वर्षं त्यांनी हा कान घासूनपुसून धारदार केला होता, रोजीरोटीच होती ती, आणि आता हा कान त्यांना न विचारता चेहऱ्याची दोरी ओढत होता. "काय चाललंय आत?" नवऱ्याने बाहेरून विचारलं. "बेसूर गातेयस तू." "माहितीये," बाई म्हणाल्या. विसाव्या की पंचविसाव्या वेळी चेहरा हलला नाही. त्यांनी आणखी दोनदा करून बघितलं. नाही हलला. त्या रात्री त्या लहान मुलीसारख्या खुशीत जेवल्या.

गुरुवारी खात्याची माणसं चौघं होती. पहिल्या ओळीतल्या खुर्च्यांवर बसली, मांडीवर वह्या घेऊन. मोठ्या बाई कडेला, हात जोडल्यासारखे धरून. पालक मागे. बाईंनी माइक गळ्यात घातला, दिवा बघितला, मुलांकडे वळल्या, आणि पाठीमागचं सगळं त्यांच्यापुरतं संपलं. समोर बत्तीस तोंडं. त्यांनी बटणकडे बघून मान हलवली. बटणने पोटावर हात ठेवला, बाईंनी शिकवल्याप्रमाणे. सरांनी सुरुवात केली. पहिलं कडवं एकतीस आवाजांत गेलं. बटण अजून नुसते ओठ हलवत होती, थंड पाण्यात पाय घालण्याआधी काठावर थांबावं तशी. बाईंना घाई नव्हती. त्यांनी चेहरा धरून ठेवला होता, हातात काठोकाठ भरलेलं भांडं धरावं तसा. मध्ये पियानोच्या चार ओळी. मग दुसरं कडवं, सूर चढायला लागला, आणि बटणचे खांदे वर आले, पोट फुगलं, गळ्याची शीर ताणली गेली.

आवाज आला. मोठा, मोकळा, अर्धा सूर खाली. पाठीमागे कुणाची तरी खुर्ची करकरली. दाराजवळच्या मुलाने मान वर केली आणि तो चक्क हसला. चाकाच्या खुर्चीतल्या मुलीने बटणकडे बघितलं आणि आपला आवाज वाढवला, तिला सोबत म्हणून. एक, दोन, तीन. सूर टिकला होता. बाईंचा हात टिकला होता. आणि त्यांना तो आवाज हवा होता, ही गोष्ट त्यांना तिथे, तिसऱ्या मात्रेला, लख्ख कळली. त्याच्याशिवायचं गाणं सोमवारपासून त्यांच्या कानात मेल्यासारखं पडलं होतं, आणि आता ते श्वास घेत होतं. त्यांना तो खरोखर, मनापासून हवा होता. चार. पाच. डाव्या डोळ्याखालचा स्नायू उडाला.

किंचितच उडाला. पाठीमागच्या कुणाला दिसणं शक्यच नव्हतं, सरांनाही दिसलं नाही. बाईंनी चेहरा लगेच सावरला, हसऱ्या झाल्या, भुवया उंचावून 'गा, गा' अशी खूण केली, मोकळ्या हाताने पुन्हा पुन्हा तिला बोलावलं. सहा. सात. सूर शुद्ध झाला होता. एकतीस जणांनी तो आठपर्यंत सरळ, स्वच्छ नेला, आणि पाठीमागे पहिल्या ओळीतल्या खुर्च्यांमधून समाधानाचा एक सुस्कारा आला. बटणचं पोट खाली बसलं होतं. तिचे ओठ पुढच्या ओळीचे शब्द अचूक लावत होते. बाईंकडे बघून ती हसली, असू दे हो, असं म्हणणारं, समजूत घालणारं, आणि शेवटपर्यंत तिने ते हसू काही उतरू दिलं नाही.